डायनॅको एसटी-७० : व्हॉल्व्ह मोजावेत कसे आणि बदलावेत कसे

डायनॅको एसटी-७० हा व्हॉल्व्हांवर (निर्वात नळ्यांवर) चालणारा स्टिरिओ ॲम्प्लिफायर ज्याच्या घरी आहे, त्याला एक आकडा पाठ असतो : १.५६ व्होल्ट. फिलाडेल्फियाच्या या अमेरिकी कंपनीने, डेव्हिड हॅफलर यांच्या कारकिर्दीत, १९५९ साली हे यंत्र बाजारात आणले. बायस, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडला (जाळीला) उणे व्होल्टेज देऊन ठरवलेला व्हॉल्व्हचा संकेताविना प्रवाह, घरच्या घरी लावता यावा म्हणून प्रत्येक चॅनेलमधील ईएल३४ या दोन आउटपुट व्हॉल्व्हांचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी टोके) १५.६ ओहमच्या एकाच रोधावर आणून सोडले. रोधावर १.५६ व्होल्ट दिसले की त्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाट्याला ५० मिलिअँपिअर येतात, असा तो हिशेब आहे. ताज्या कोरड्या सेलचा व्होल्टेजही साधारण एवढाच असल्यामुळे मीटर विश्वासार्ह आहे की नाही, हेही सेल लावून पाहता येत असे.

या सोयीत एक उणीव मात्र राहून गेली आहे आणि व्हॉल्व्ह बदलताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ तिच्यात आहे. तो रोध दोन प्रवाहांची बेरीज दाखवतो आणि ६५ अधिक ३५ यांची बेरीजही शंभरच होते. ईएल३४ च्या प्लेटची, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याची, उष्णता सोसण्याची कमाल मर्यादा २५ वॅट आहे. प्लेटवर ४१५ व्होल्ट असताना ६५ मिलिअँपिअर ओढणारा व्हॉल्व्ह, त्यातून स्क्रीन ग्रिडचे (प्लेटजवळच्या दुसऱ्या जाळीचे) सुमारे सहा मिलिअँपिअर वजा केले तरी, साडेचोवीस वॅटवर म्हणजे मर्यादेच्या काठावर चालतो. त्याचा जोडीदार जेमतेम तेरा वॅटवर असतो आणि मीटर मात्र अचूक १.५६ दाखवत राहतो. म्हणून या लेखात ज्या एका गोष्टीवर मी पुनःपुन्हा येणार आहे ती अशी की प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतंत्रपणे, त्याच्या स्वतःच्या सॉकेटमध्ये आणि प्रत्यक्ष कामाच्या व्होल्टेजवर मोजला पाहिजे. पेटीवरचा आकडा, दुकानदाराचे आश्वासन आणि काचेवरचे नाव यांचा विचार त्यानंतर करावा.

येथे उदाहरण एसटी-७० चे घेतले आहे, कारण त्याची रचना साधी असून तिची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. स्थिर बायस (वेगळा पुरवलेला उणे व्होल्टेज) असलेल्या इतर महागड्या पुश-पुल, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने भार उचलणाऱ्या, ॲम्प्लिफायरांना हीच पद्धत लागू पडते. फक्त आकडे त्या त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावेत.

जिवाची काळजी

या यंत्रात ४०० व्होल्टांहून अधिक एकदिश दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरांमध्ये काही काळ राहू शकतो. घरातील २३० व्होल्टांचा झटका बसून बचावलेल्या माणसालाही हा झटका तसा सोडेलच असे नाही. म्हणून खालचे झाकण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. त्यानंतर १० किलोओहम, १० वॅटचा तारवेष्टित रोध दोन्ही टोकांना इन्सुलेटेड चिमट्यांच्या तारा जोडून तयार ठेवावा, एक चिमटा चेसिसला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) लावावा आणि दुसरा मुख्य कपॅसिटरच्या प्रत्येक टोकाला दहा-दहा सेकंद धरावा. मूळ कपॅसिटरचे चार भाग मिळून ९० मायक्रोफॅरड होतात, त्यामुळे एवढ्या वेळात ते पूर्ण रिकामे होतात. तरीही मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नये. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तिने कपॅसिटरही बिघडतो आणि कधी डोळ्यालाही इजा होते.

यंत्र चालू असताना मोजायचे असेल तेव्हा मीटरची काळी तार चिमट्याने चेसिसला आधीच अडकवावी, लाल प्रोब एका हाताने धरावा आणि दुसरा हात पाठीमागे ठेवावा. पायात रबरी चप्पल असावी आणि घरात दुसरे कोणीतरी असावे. मीटर निदान ६०० व्होल्टांचा आणि तिसऱ्या सुरक्षा श्रेणीचा असावा, १००० व्होल्टांचा असल्यास अधिक चांगले. मूळ एसटी-७० ला दोन पिनांचा प्लग होता. त्याजागी तीन पिनांची तार घालून चेसिस अर्थिंगला जोडून घेणे हे पहिले काम समजावे.

आणखी एक नियम : लाउडस्पीकर किंवा ८ ओहम, ५० वॅटचा रोध दोन्ही चॅनेलांच्या आउटपुटला जोडलेला असल्याशिवाय असे यंत्र चालवू नये. मोकळ्या आउटपुटवर संकेत गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठा व्होल्टेज उठतो आणि त्याचे इन्सुलेशन फुटते. व्हॉल्व्ह पुन्हा विकत मिळतो, पण मूळचा ट्रान्सफॉर्मर गेला तर तसा दुसरा मिळवणे कठीण असते.

आधी भिंतीतला व्होल्टेज

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली किंवा मागवलेली यंत्रे आपल्याकडे बरीच आहेत आणि ती ११७ ते १२० व्होल्टांसाठी बनलेली असतात. आपल्या २३० व्होल्टांवरून ती चालवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि व्हॉल्व्हच्या प्रत्येक मापावर त्याचा परिणाम होतो. ११७ व्होल्टांवर ६.३ व्होल्ट घेणारा हीटर (कॅथोड तापवणारी तार) ११० व्होल्टांवर ५.९ व्होल्ट घेतो आणि १२५ व्होल्टांवर ६.७ व्होल्टांच्या पुढे जातो. दहा टक्क्यांची मुभा सर्वसाधारणपणे दिली जाते, पण पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ६.० ते ६.६ च्या दरम्यान राहणे व्हॉल्व्हच्या आयुष्यासाठी हिताचे असते. हे माप ईएल३४ च्या दुसऱ्या आणि सातव्या पिनांमध्ये, मीटर प्रत्यावर्ती व्होल्टेजवर ठेवून घ्यावे.

दुसरी बाब वारंवारितेची. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असते. त्याच व्होल्टेजवर वारंवारिता कमी झाली की पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह एक-पंचमांशाने वाढतो आणि तो अधिक तापतो. एसटी-७० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळातच गरम चालणारा आहे. म्हणून त्यावर ५०/६० असा उल्लेख नसेल, तर स्टेप-डाउनचा आउटपुट हीटरला निदान ६.० व्होल्ट मिळतील इतपतच, म्हणजे ११२ व्होल्टांच्या आसपास ठेवणे आणि बायस थोडा कमी लावणे मला अधिक सुरक्षित वाटते.

ज्या गावात दुपारी २१५ आणि रात्री उशिरा २४५ व्होल्ट येतात, तेथे दुपारी लावलेला बायस रात्री वेगळा दिसेल, हे गृहीत धरावे. बायस नेहमी ऐकण्याच्या वेळेलाच लावावा आणि त्या वेळचा भिंतीतला व्होल्टेज आकड्याशेजारी लिहून ठेवावा.

नोंदवही आणि जुन्या व्हॉल्व्हांची मापे

नवा संच हातात आला की जुना लगेच उपटून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. जुने व्हॉल्व्ह यंत्रात असतानाच सगळी मापे घेऊन ठेवावीत, कारण नंतर काही बिघडले तर तुलनेसाठी दुसरे काहीही हाती नसते. सॉकेटांना डावीकडून एक ते चार क्रमांक द्यावेत आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर कागदी चिकटपट्टीने तेच क्रमांक लावावेत. यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे आणि मग प्रत्येक ईएल३४ च्या तिसऱ्या पिनेवरचा प्लेट व्होल्टेज, पाचव्या पिनेवरचा ग्रिडचा उणे व्होल्टेज आणि आठव्या पिनेवरचा कॅथोड व्होल्टेज लिहून घ्यावा. पिना खालच्या बाजूने पाहताना खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या असतात. वरून पाहिल्यास क्रम उलटा होतो, आणि तिसऱ्या पिनेऐवजी सहाव्या पिनेवर प्रोब टेकवणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

पाचव्या पिनेवर मोजताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. ग्रिडचा रोध २७० किलोओहम असेल आणि मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असेल, तर मीटर स्वतःच थोडा प्रवाह ओढतो आणि आकडा सुमारे अडीच टक्क्यांनी कमी दिसतो. उणे ३५ च्या जागी उणे ३४ दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही; चारही सॉकेटांवर तोच फरक पडतो आणि आपल्याला तुलनाच करायची असते.

एकत्रित रोधाच्या जागी चार रोध

नवे व्हॉल्व्ह घालण्यापूर्वीची सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे १५.६ ओहमचे दोन सामायिक रोध काढून प्रत्येक ईएल३४ च्या कॅथोडपासून जमिनीपर्यंत १० ओहमचा, एक टक्का अचूकतेचा, एक वॅटचा स्वतंत्र रोध बसवणे. पहिली आणि आठवी पिन मूळ रचनेत एकत्र जोडलेल्या असतात. ती जोडणी तशीच राहू द्यावी, कारण ईएल३४ मध्ये पहिल्या पिनेवर सप्रेसर ग्रिड असतो आणि तो कॅथोडलाच जोडलेला हवा. यानंतर गणित सोपे होते : १० ओहमवर ०.४० व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर, ०.५० व्होल्ट म्हणजे ५०. पुढील बाजूच्या आठ पिनांच्या सॉकेटांवर मूळ कंपनीने दिलेली मापनाची सोय या बदलानंतर अर्थातच चालत नाही.

ज्यांना सोल्डरला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. यंत्र बंद, थंड आणि कपॅसिटर रिकामे असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून प्रत्येक प्लेटपर्यंतचा रोध मोजावा. दोन्ही बाजू सहसा अगदी सारख्या नसतात. मग यंत्र सुरू करून त्याच दोन बिंदूंमधील व्होल्टेजचा उतार मोजावा आणि त्याला रोधाने भागावे. यातून स्क्रीनचा बराचसा प्रवाह वगळून जवळजवळ प्लेटचाच प्रवाह मिळतो, हा या पद्धतीचा गुण. मात्र येथे मीटरची दोन्ही टोके चेसिसपासून ४०० व्होल्टांवर असतात, म्हणून दोन्ही चिमटे यंत्र बंद असतानाच लावावेत आणि ते चालू असेपर्यंत त्यांना स्पर्श करू नये. मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या वेटोळ्याला समांतर जोडण्याची जी पद्धत काही जण सुचवतात, ती मी कोणालाही सुचवणार नाही. प्रोब घसरला की नुकसान क्षणात होते.

काढणे, पुसणे, पाहणे

यंत्र बंद केल्यावर वीस मिनिटे थांबावे. ईएल३४ सारखा आठ पिनांचा व्हॉल्व्ह काचेला नव्हे तर बैठकीला धरून, अगदी थोडा गोलाकार हलवत वर ओढावा. लहान नऊ पिनांचे व्हॉल्व्ह मात्र हलवू नयेत, सरळ वर ओढावेत, कारण त्यांच्या पिना थेट काचेतून बाहेर आलेल्या असतात आणि पिनेवर ताण आला तर काचेला केसासारखी चीर जाते. अशी चीर गेली की आतील निर्वात संपतो आणि काचेवरचा गेटरचा (आत उरलेला वायू शोषणाऱ्या धातूचा) चंदेरी थर पांढरा पडतो. पांढरा थर असलेला व्हॉल्व्ह हीटर पेटवून पाहण्याचीही गरज नाही. तो गेलेला आहे.

बैठकीच्या मधली खुंटी मोडलेली असेल तर तो व्हॉल्व्ह चांगला असला तरी बाजूला ठेवावा. खुंटीशिवाय तो चुकीच्या फिरवणीने बसू शकतो, आणि मग हीटरच्या जागी प्लेटचा व्होल्टेज पोहोचू शकतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत सॉकेटांच्या पत्र्या लवकर काळ्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर थेट फवारू नये. तो व्हॉल्व्हच्या पिनांना थोडासा लावून व्हॉल्व्ह दोन-तीनदा आत-बाहेर करावा आणि मग पिना पुसून घ्याव्यात. ज्या सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह सैल बसतो, तेथील पत्र्या बारीक सुईने हलकेच आत दाबाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पाचव्या पिनेचा संपर्क क्षणभर जरी सुटला तरी ग्रिडचा उणे व्होल्टेज नाहीसा होतो आणि प्लेट लाल होऊ लागते. कित्येक ‘खराब’ व्हॉल्व्ह खरे तर सैल सॉकेटचे बळी असतात.

रेक्टिफायर काढून बायसची तपासणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नव्या व्हॉल्व्हांचा सर्वांत मोठा बचाव हीच करते. एसटी-७० मध्ये मुख्य व्होल्टेज जीझेड३४ या रेक्टिफायर, म्हणजे प्रत्यावर्ती विजेची एकदिश करणाऱ्या, व्हॉल्व्हमधून येतो, पण बायसचा उणे व्होल्टेज पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या टोकावरून, एका स्वतंत्र सेलेनियम रेक्टिफायरमधून मिळतो. म्हणून जीझेड३४ काढून ठेवला आणि यंत्र सुरू केले, तर प्लेटांवर व्होल्टेज येतच नाही, आणि चारही सॉकेटांच्या पाचव्या पिनेवर बायस पोहोचतो की नाही ते निवांतपणे मोजता येते. वीजपुरवठ्याचा भाग तेव्हाही जिवंत असतो, त्यामुळे हाताचे नियम तेच.

येथे चारही ठिकाणी उणे ३० ते उणे ४० च्या टप्प्यातील आकडा दिसला पाहिजे आणि बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) फिरवल्यावर तो सलगपणे, उड्या न मारता बदलला पाहिजे. एका चॅनेलच्या दोन सॉकेटांवर आकडा जवळजवळ सारखा हवा. तो कोठे शून्य असेल तर तेथे व्हॉल्व्ह घालणे म्हणजे तो जाळणे होय. साठ वर्षांपूर्वीचा सेलेनियम रेक्टिफायर अजून तसाच असेल तर त्याजागी १एन४००७ डायोड घालावा आणि बायसचे छोटे कपॅसिटरही बदलावेत. नव्या चार व्हॉल्व्हांच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. तपासणी झाल्यावर दोन्ही पॉट सर्वांत जास्त उणे व्होल्टेजच्या टोकाला नेऊन ठेवावेत.

नवा संच

आता चार नवे व्हॉल्व्ह आणि जीझेड३४ बसवून, स्पीकर जोडून, इनपुटला काहीही न जोडता यंत्र सुरू करावे. खोलीतला दिवा मंद करून पहिली पाच मिनिटे डोळे प्लेटांवर ठेवावेत. हीटरची नारिंगी झळाळी अपेक्षितच आहे. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर आभा बहुधा निरुपद्रवी असते. तो भटक्या इलेक्ट्रॉनांनी काचेवर पाडलेला प्रकाश असतो. पण प्लेट आणि कॅथोड यांच्या मधल्या जागेत जांभळट धूसर उजेड भरलेला दिसला तर आत वायू आहे असे समजावे, आणि करड्या प्लेटवर लालसर डाग उमटू लागला तर विचार करत न बसता बटण बंद करावे.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना सिरीज बल्बचा बोर्ड (विजेच्या वाटेतच ओळीने जोडलेला बल्ब) वापरणे योग्यच आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. या यंत्राचे हीटरच पन्नास वॅटांच्या वर वीज घेतात, त्यामुळे बल्ब थोडा पेटलेला राहणारच. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे, एवढेच त्यावरून कळते. बल्ब मध्ये असताना बायस मात्र लावू नये.

पाच मिनिटे सुरळीत गेली की पॉट हळूहळू फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह ३० मिलिअँपिअरपर्यंत आणावा, दहा मिनिटे थांबावे, मग ठरवलेल्या आकड्यापर्यंत न्यावा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. दोन चॅनेल एकच वीजपुरवठा वापरतात, म्हणून एकाचा पॉट हलवला की दुसऱ्याचा आकडाही थोडा सरकतो. दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात.

आकडा कोणता ठरवावा? मूळ ५० मिलिअँपिअरवर, स्क्रीनचा वाटा सुमारे पाच धरला तर, प्लेटवर १८.७ वॅट म्हणजे मर्यादेच्या ७५ टक्के भार पडतो. ४० मिलिअँपिअरवर प्लेटचा व्होल्टेज किंचित वाढून ४२५ झाला असे मानले तरी भार साडेपंधरा वॅटांच्या आत राहतो. कानाला फरक नगण्य असतो, पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि जीझेड३४ थंड राहतात, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला फार अर्थ आहे. मी स्वतः ४० वरच ठेवतो. सामायिक रोध कायम असेल तर त्यावर १.२५ व्होल्ट दिसायला हवेत.

चॅनेलमधील दोन व्हॉल्व्हांत पाच मिलिअँपिअरांपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्यापेक्षा अधिक असेल तर दोन अडचणी उभ्या राहतात. पुश-पुल आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट नसते, त्यामुळे दोन बाजूंच्या एकदिश प्रवाहातील फरकाने गाभा आधीच अंशतः भरून जातो आणि मंद्र स्वर सैल, विस्कटलेले ऐकू येतात. शिवाय वीजपुरवठ्यातील गुणगुण दोन बाजूंनी परस्परांना छेदून नाहीशी व्हायची असते, ती शिल्लक राहते. ‘जुळवलेला चौकडा’ म्हणून मी एकदा घेतलेल्या संचात एका जोडीत १४ मिलिअँपिअरांचा फरक निघाला होता. चारही व्हॉल्व्ह सुदृढ होते, फक्त जोड्या चुकीच्या होत्या. आपसांत अदलाबदल केल्यावर दोन्ही जोड्या चारच्या आत आल्या. सामायिक रोधावर हे कधीच कळले नसते.

आकडा पटत नसेल तर

तिसऱ्या सॉकेटमधील व्हॉल्व्ह २५ मिलिअँपिअर दाखवतो आणि चौथ्यातील ४५, अशी स्थिती असेल तर यंत्र बंद करून, थंड झाल्यावर, त्या दोघांची जागा बदलावी. कमी आकडा व्हॉल्व्हबरोबर चौथ्या सॉकेटवर गेला तर दोष व्हॉल्व्हचा. तो तिसऱ्यावरच राहिला तर दोष सॉकेट, रोध किंवा कपलिंग कपॅसिटरचा (आधीच्या टप्प्याचा संकेत ग्रिडपर्यंत नेणाऱ्या). एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम येथे मोडला, तर निदान कायमचे हातचे जाते.

बायस हळूहळू चढत राहणे हे अधिक गंभीर लक्षण आहे. त्यासाठी पाचव्या पिनेवरचा रेक्टिफायर काढलेला असतानाचा आकडा आणि यंत्र पूर्ण तापल्यानंतरचा आकडा पॉट न हलवता ताडून पाहावा. भिंतीतला व्होल्टेज तोच असताना एका सॉकेटवर उणे ३६ चे उणे ३४ झाले आणि शेजारच्यावर तसे झाले नाही, तर त्या ग्रिडवर कोठूनतरी धन प्रवाह येत आहे. २७० किलोओहमच्या रोधातून एक मायक्रोअँपिअर गेला तरी पाव व्होल्टाहून अधिक फरक पडतो, आणि दोन व्होल्टांचा अर्थ सात-आठ मायक्रोअँपिअर असा होतो. व्हॉल्व्हांची अदलाबदल केल्यावर ही घट व्हॉल्व्हबरोबर गेली तर त्यात वायू आहे, सॉकेटवर राहिली तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. जुन्या यंत्रात हा कपॅसिटर न तपासता नवे व्हॉल्व्ह घालणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

लहान व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर

एसटी-७० मध्ये प्रत्येक चॅनेलला एक ७१९९ असतो. त्यातील पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांचा भाग) संकेत वाढवतो आणि ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडांचा) त्याचे दोन विरुद्ध कलांत विभाजन करतो. चांगले ७१९९ दुर्मीळ झाल्यामुळे ६जीएच८ए वापरण्याचा सल्ला मिळतो. गुणधर्म जवळचे आहेत, पण पिनांची मांडणी वेगळी आहे, म्हणून ॲडॅप्टर लावल्याशिवाय किंवा सॉकेटच्या तारा बदलल्याशिवाय तो घालू नये.

प्रीॲम्प्लिफायरमध्ये भेटणाऱ्या ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७ ला बायसचा पॉट नसतो, पण तो मोजता येतो. प्लेटचा रोध १०० किलोओहम असेल आणि त्यावर १२० व्होल्टांचा उतार असेल तर प्रवाह १.२ मिलिअँपिअर, त्याच काचेतील दुसऱ्या अर्ध्या भागाचा आकडा शेजारी लिहावा. फोनो भागात (रेकॉर्ड प्लेअरच्या संकेतासाठी असलेल्या) या दोन अर्धकांची जुळणी महत्त्वाची असते. काही व्हॉल्व्ह घणघणतात. आवाज कमी ठेवून पेन्सिलीच्या खोडरबराने काचेवर हलकी टिचकी मारली की ते ओळखू येतात. ईसीसी८८ किंवा ६९२२ दिसायला १२एएक्स७ सारखेच असले तरी त्यांची अदलाबदल करता येत नाही : त्यांची नववी पिन आतल्या पडद्याची आहे, तर १२एएक्स७ मध्ये ती हीटरचा मध्यबिंदू असते.

जीझेड३४ सावकाश तापतो आणि तोवर ईएल३४ चे कॅथोडही तयार होतात, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याजागी सिलिकॉन डायोडचा तुकडा घातल्यास व्होल्टेज एकदम आणि अधिक येतो. ५यू४ घालू नये. त्याचा हीटर १.९ ऐवजी ३ अँपिअर घेतो. वीजपुरवठ्यात सुधारणा करणाऱ्यांनी पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नये, ती जीझेड३४ ची मर्यादा आहे.

टेस्टर आणि खरेदी

साधा एमिशन टेस्टर कॅथोड जिवंत आहे की नाही एवढेच सांगतो. अमेरिकी हिकॉक किंवा ब्रिटिश ॲव्हो यांसारखे म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडचा व्होल्टेज बदलला की प्लेटचा प्रवाह किती बदलतो ते) मोजणारे टेस्टर, तसेच रोनाल्ड डेकर यांचा यूट्रेसर, जो संगणकावर पूर्ण वक्र काढून दाखवतो, यांच्याकडून खूप अधिक कळते. ईएल३४ साठी संदर्भबिंदू २५० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि ११ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट असा आहे. १२एएक्स७ साठी २५० व्होल्ट, १.२ मिलिअँपिअर आणि १.६. पण अडीचशे व्होल्टांवर जुळलेली जोडी सव्वाचारशे व्होल्टांवर जुळेलच असे नाही, म्हणून टेस्टरचा निकाल प्राथमिक चाळणी मानावा आणि अंतिम निर्णय स्वतःच्या यंत्रातील १० ओहमच्या रोधावर सोडावा.

खरेदीत नावावर जाऊ नये. मलार्डचे जुने व्हॉल्व्ह इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनत. आज त्याच नावाने विकले जाणारे व्हॉल्व्ह रशियातील साराटोव्ह येथे तयार होतात. ते वाईट नाहीत, पण जुन्या नावाची किंमत त्यांना द्यायचे कारण नाही. स्लोव्हाकियातील जेजे आणि चीनमधील प्सव्हेन यांचे ईएल३४ सहज मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या साठ्यातून कधीकधी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ आणि ईसीसी८३ हाती लागतात. गेटर चंदेरी आणि पिना सरळ असतील तर ते अवश्य मोजून पाहावेत. काचेवरचा छाप ओल्या फडक्याने पुसला जाऊ शकतो, त्यामुळे केवळ छापावरून ओळख पटवू नये आणि असलेला छाप पुसूनही टाकू नये.

दोन संचांच्या आवाजाची तुलना करायची असेल तर दोन्ही संच एकाच प्रवाहावर लावावेत. मग १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवरचा प्रत्यावर्ती व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखा करावा. एक संच ३५ वर आणि दुसरा ५० वर चालवून ‘हा उबदार, तो कोरडा’ असे म्हणणे म्हणजे व्हॉल्व्हची नव्हे, बायसची तुलना होते.

नवा संच बसल्यावर मापे दहा तासांनी, पन्नास तासांनी आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावीत. पहिल्या दहा तासांत आकडे सर्वांत जास्त सरकतात. पुढे कधी पॉट टोकाला नेऊनही एखादा व्हॉल्व्ह ठरवलेल्या प्रवाहापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याची बदली करण्याची वेळ आली. काढलेले पण चालू व्हॉल्व्ह टाकून देऊ नयेत. प्रत्येकाच्या पेटीवर सॉकेटचा क्रमांक, शेवटचा प्रवाह, प्लेटचा व्होल्टेज आणि तारीख लिहून ती कोरड्या कपाटात ठेवावी. नव्या संचातील एखादा व्हॉल्व्ह अचानक गेला, तर त्या आकड्याशी जुळणारा जोडीदार याच पेट्यांत शोधायचा असतो.